तीन किलोचा दगड आणि माणसाचा हात

मी हातांची फिजिओथेरपिस्ट आहे. मनगट मोडलेले, अंगठ्याचा सांधा झिजलेले, बोटाची कंडरा शिवून आलेले लोक माझ्यासमोर टेबलावर हात ठेवून बसतात आणि मी त्यांना वस्तू उचलायला लावते. किल्ली, पेला, बरणीचं झाकण, शेवटी हातोडी. वस्तू मुठीत कशी बसते, वजन कुठे लोंबतं, ताण कोणत्या बोटावर येतो हे बघणं हेच माझं काम. त्यामुळे अश्मयुगातल्या अवाढव्य हातकुऱ्हाडींबद्दल, म्हणजे दांडा नसलेल्या, थेट हातात धरायच्या धारदार दगडी हत्यारांबद्दल, वाचताना माझं लक्ष धारेच्या आधी मुठीकडे जातं. आणि तिथूनच मला या विषयात बोलावंसं वाटतं.

२०२१ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, मेडवे नदीच्या खोऱ्यावर असलेल्या फ्रिंड्सबरी इथे, शाळेच्या बांधकामाआधी उत्खनन झालं. हिमयुगातल्या गाळात सुमारे ८०० दगडी वस्तू मिळाल्या, तीन लाख वर्षांहून जुन्या. त्यांत दोन हातकुऱ्हाडी बाकीच्यांच्या पंगतीत न बसणाऱ्या होत्या. त्यांतली मोठी २९.६ सेंटिमीटर लांब आहे. खालचा भाग जाड, वरचं टोक लांब, निमुळतं आणि फार निगुतीने घडवलेलं. २०२३ मध्ये ही बातमी जगभर गेली तेव्हा उत्खननातल्या पुरातत्त्वज्ञ लेटी इंग्रे यांचं म्हणणंही सोबत आलं होतं: इतकं मोठं हत्यार सहज धरून वापरलं असेल अशी कल्पना करणं अवघड आहे, कदाचित त्याचं काम व्यवहारापेक्षा प्रतीकाचं असेल, बळ किंवा कसब दाखवण्याचं.

त्या स्वतः हे ठामपणे म्हणाल्या नव्हत्या, 'कदाचित' म्हणाल्या होत्या. पण बातम्यांमधून फिरता फिरता तो 'कदाचित' गळून पडला आणि 'एवढं मोठं म्हणजे वापरायचं नव्हतंच' असं एक मत तयार झालं. हे मत मला पटत नाही. निदान इतक्या घाईने तरी नाही.

असे दगड एकटेदुकटे नाहीत. फ्रिंड्सबरीहून जवळच, कक्स्टनला, २००५ मध्ये ३०.७ सेंटिमीटरची एक टोकदार हातकुऱ्हाड मिळाली होती. इंग्लंडमधल्याच मेडनहेडजवळच्या फर्झ प्लॅटची प्रसिद्ध हातकुऱ्हाड १९१९ साली खडीच्या खाणीत सापडली. तीही ३० सेंटिमीटरच्या वर, वजन सुमारे २.८ किलो. टांझानियातलं इसिमिला तर मोठ्या हातकुऱ्हाडी आणि रुंद, सरळ धारेच्या दगडी फरश्यांसाठीच (क्लीव्हर) ओळखलं जातं. बोत्सवानातल्या माकगाडिकगाडी या आटलेल्या सरोवराच्या तळातून ३० सेंटिमीटरहून मोठ्या चार हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. आणि २०२३ मध्येच सौदी अरेबियातल्या अल-उला भागात, कुर्ह नावाच्या मैदानावर, बसाल्टची एक हातकुऱ्हाड उचलली गेली जिची लांबी ५१.३ सेंटिमीटर आहे. अर्धा मीटर! ती जमिनीच्या पृष्ठभागावर मिळाली, थरांत गाडलेली नव्हती, त्यामुळे तिच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते सांगणारं काही उरलेलं नाही. केंटच्या दगडांइतका भार तिच्यावर टाकू नये हे बरं.

नेहमीची हातकुऱ्हाड म्हणजे किती मोठी? साधारण १० ते २० सेंटिमीटर. सर्वांत जुन्या केनियातल्या कोकिसेलेई इथल्या, १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या. तिथून पुढे पंधरा लाख वर्षांहून अधिक काळ, आफ्रिकेपासून युरोपपर्यंत आणि तामिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमपर्यंत, माणसाच्या निरनिराळ्या जातींनी हाच आकार पुन्हा पुन्हा घडवला. एक बाजू जाड आणि गोलसर, दुसरी निमुळती, दोन्ही कडांना धार. बहुतेकींत वजनाचा मोठा हिस्सा त्या जाड बाजूला असतो, म्हणजे तळहाताच्या आत किंवा अगदी जवळ. जॉन नेपियर या शरीररचनातज्ज्ञाने १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले, ताकदीची पकड आणि नेमकेपणाची पकड, आणि आम्ही आजही विद्यार्थ्यांना तिथूनच शिकवायला सुरुवात करतो. १५ सेंटिमीटरच्या हातकुऱ्हाडीत या दोन्ही पकडी चालतात. मूठ आवळून दाबता येतं, बोटांच्या पेरांनी धरून टोकाने कोरताही येतं.

आता आकार वाढवा. तोच घाट ठेवून लांबी, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं, तर वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. शिवाय वजनाचा मध्य मुठीपासून दुप्पट लांब जातो, त्यामुळे आडवा धरलेला दगड मुठीला खाली ओढतो तो जोर सोळापट होतो. हात मात्र तेवढाच. प्रौढ माणसाचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ ते १९ सेंटिमीटरच्या आसपास असतो. अर्धा किलोचं हत्यार दिवसभर चालवणारं मनगट सोळापट ओढा एका हाताने काही क्षणच पेलेल. इथपर्यंत लेटी इंग्रे यांची शंका अगदी रास्त आहे.

पण याच गणितात मला दुसरीही गोष्ट दिसते. घडवणाऱ्यांना हे गणित ठाऊक होतं. आकड्यांत नव्हे, हाताला. जॉन गॉव्लेट आणि रॉबिन क्रॉम्प्टन यांनी केनियातल्या किलोम्बे इथल्या हातकुऱ्हाडी मोजल्या तेव्हा असं दिसलं की मोठ्या हातकुऱ्हाडी म्हणजे लहान हातकुऱ्हाडींच्या फुगवलेल्या आवृत्त्या नाहीत. लांबी वाढली की त्या प्रमाणाने पातळ होत जातात. म्हणजे कोणीतरी वजन आवरत होतं. दगड पातळ करणं हे हातकुऱ्हाड घडवण्यातलं सर्वांत अवघड आणि जोखमीचं काम, एक ठोका चुकला तर तुकडे होतात. वापरायचंच नसेल, नुसतं मोठं दिसायला हवं असेल, तर जाडी कमी करण्याचा हा खटाटोप कशाला? दाखवायचं कसब म्हणून, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पण वजन कमी करण्याचा सरळ अर्थ कोणाला तरी ते उचलायचं होतं हाच आहे, आणि सरळ अर्थ टाकून द्यायला काहीतरी कारण हवं.

अल-उलाच्या दगडाची मापं याच नजरेने बघा. लांबी ५१.३, रुंदी फक्त ९.५ आणि जाडी ५.७ सेंटिमीटर. लांबी सोडून बाकी मापं मुठीच्या आवाक्यातली आहेत. माझ्या हिशेबाने वजन साडेतीन किलोच्या आसपास भरावं. असा दगड एका हाताने एका टोकाला धरणं व्यर्थ आहे. पण दोन्ही हात दोन टोकांजवळ ठेवून, धार खाली करून, स्वतःकडे ओढत नेणं? किंवा एक हात टोकाशी आणि दुसरा मध्यावर? दोन्ही खांद्यांत वजन वाटलं गेलं की साडेतीन किलो ही मोठी गोष्ट राहत नाही. माझ्याकडे येणारे साठीतले रुग्णसुद्धा दोन्ही हातांनी तेवढं उचलतात.

एका मूर्तिकार मित्राने मला मोठ्या हातकुऱ्हाडीच्या आकाराचा एक साचा करून दिला. त्यात सिमेंट आणि बसाल्टची कच ओतून तीन किलोच्या जवळपासचा एक ठोकळा मी बनवला. धार त्याला नाही, ती सिमेंटला येतही नाही. मला फक्त वजन आणि पकड समजून घ्यायची होती. एका हाताने बुडाशी धरून टोक पुढे केलं की काही सेकंदांतच कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मनगट उचलणारे स्नायू हाडाला चिकटतात तिथे, ठणका सुरू होतो. हा ठणका मी रोज दुसऱ्यांच्या हातांत शोधते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. पण तोच ठोकळा टोक खाली करून उभा धरला, दोन्ही तळवे बुडावर टेकवले आणि शरीराचं वजन वरून दिलं की ठणका नाहीसा होतो. मनगट सरळ राहतं, बोटांना आवळायची गरजच उरत नाही, ती फक्त दिशा देतात. बुड जितकं जाड आणि गोल तितकं हे सोपं. गुडघे टेकून बसायचं, टोक ओंडक्याच्या चिरेत ठेवायचं आणि झुकायचं. पडलेल्या फांदीची साल त्या बिनधारेच्या ठोकळ्यानेही निघाली.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. माझे हात म्हणजे त्यांचे हात नव्हेत. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्हला १९९३ साली मिळालेलं सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीचं नडगीचं हाड इतकं जाड भिंतीचं आहे की तो माणूस चांगलाच भरभक्कम असणार. मला जे दोन हातांनी करावं लागतं ते त्यांतल्या काहींना एका हाताने जमत असेल. शिवाय मनगटात तिसऱ्या तळहाडाच्या (मधल्या बोटाच्या रेषेतल्या, तळहातातल्या हाडाच्या) मुळाशी एक छोटासा सुळका असतो, जो बोटांकडून येणारा दाब मनगटात स्थिर ठेवतो. केनियात सापडलेल्या १४ लाख २० हजार वर्षांपूर्वीच्या तळहाडावर तो आहे. जड दगड दाबून वापरायला लागणारी जोडणी त्या काळी हातात तयार होती.

मग काम कोणतं? पहिलं उत्तर प्रत्येकाच्या तोंडी असतं: मोठ्या जनावराला मोठं हत्यार. साधारण हातकुऱ्हाडींबाबत मांस कापण्याचा पुरावा भक्कम आहे. बॉक्सग्रोव्हला घोडा सोलल्याची जागा मिळाली, गेंड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, तिथल्या हातकुऱ्हाडींवर मांस-कातडं कापल्याची झीज सूक्ष्मदर्शकातून दिसते. इस्राएलमधल्या रेवादीम इथे हत्तीच्या हाडांसोबतच्या एका हातकुऱ्हाडीवर २०१५ मध्ये जनावराच्या चरबीचे अवशेष ओळखता आले. पीटर जोन्स यांनी टांझानियातल्या ओल्डुवाईच्या दगडांपासून हत्यारं बनवून जनावरं कापून बघितली, तेव्हा मोठ्या जनावराच्या जड कामाला लहान छिलक्यांपेक्षा, म्हणजे दगडावर ठोकून काढलेल्या धारदार कपच्यांपेक्षा, मोठी हातकुऱ्हाड बरी पडली. कारण साधं आहे. लहान छिलका चिमटीत धरावा लागतो आणि अंगठा दमतो.

तरी 'मोठं जनावर, मोठं हत्यार' हे समीकरण इतकं सरळ नाही, आणि ते मोडणारा पुरावा त्याच केंटमध्ये आहे. एब्सफ्लीटला सुमारे ४ लाख २० हजार वर्षांपूर्वीचा, सरळ सुळ्यांचा, आजच्या हत्तींहून मोठा हत्ती सापडला. त्याच्या भोवती फ्लिंटची, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाची, हत्यारं जागच्या जागी पडलेली होती. त्यांत हातकुऱ्हाड एकही नाही, साधे छिलके. अख्खा हत्ती साध्या छिलक्यांनी उरकला गेला. म्हणजे महाकाय हातकुऱ्हाडी हत्तीसाठीच लागत होत्या असं म्हणता येत नाही. कातडं चिरायला आणि मांस सोडवायला ताजा छिलकाच जास्त धारदार असतो. जड दगडाची गरज भासली असेल तर ती कापण्यापेक्षा वेगळ्या कशाला तरी.

आणि इथे मला सांधे आठवतात, कारण दिवसभर मी सांध्यांतच असते. घोड्याचा किंवा गेंड्याचा मागचा पाय धडापासून सुटा करायचा तर खुब्याचा सांधा उघडावा लागतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, भोवती चिवट पिशवी, आत एक बंध. तिथे लहान छिलका पोचेल, पण बोटंही आत घालावी लागतात आणि जोर लावायला जागा नसते. लांब, निमुळतं, जाड मुळाचं टोक असेल तर ते सांध्याच्या फटीत घालून, वरून वजन देऊन, थोडं पिळून सांधा उचकटता येतो. केंटच्या त्या लांब टोकाच्या, जड बुडाच्या हातकुऱ्हाडी बघताना मला पहिल्यांदा हेच सुचलं, आणि अजूनही याच तर्काकडे माझा कल आहे. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेलं काही नाही.

दुसरं काम लाकडाचं, आणि त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही, कारण लाकूड कुजून जातं आणि हाडं उरतात. टांझानियातल्या पेनिंज इथल्या सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींच्या धारेवर बाभळीच्या जातीतल्या झाडांचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले. झांबियातल्या कलंबो धबधब्यापाशी तर २०२३ मध्ये लॅरी बारहॅम यांच्या गटाने खाच पाडून एकमेकांत बसवलेले दोन ओंडके प्रसिद्ध केले, किमान ४ लाख ७६ हजार वर्षांपूर्वीचे. आपल्या जातीचा माणूस तेव्हा जन्मायचा होता. ओंडक्यात खाच पाडणं हे नाजूक काम नव्हे. दांडा नसलेल्या दगडाने घाव घालायचे तर प्रत्येक घावाचा हादरा तळहातात येतो. तळहाताने ठोकायची सवय असलेल्या कारागिरांच्या करंगळीकडच्या बाजूची रक्तवाहिनी दुखावते, बोटं गार आणि बधिर पडतात. असे हात मी पाहिले आहेत. हलका दगड वापरला तर तेवढाच परिणाम साधायला तो जोरात हाणावा लागतो, आणि हातही त्याच वेगाने जाऊन थबकतो. जड दगड हळू येऊनही तेवढंच काम करतो. उचलायचा आणि सोडायचा, बाकीचं वजन बघून घेतं. घाव घालण्याच्या कामात दोन-तीन किलो ही अडचण न राहता हाताचं संरक्षण होतं. केनियातल्या लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांपूर्वीची, आजवरची सर्वांत जुनी हत्यारं घ्या. सोनिया आर्मां यांच्या गटाने ती २०१५ मध्ये मांडली. तिथल्या ऐरणी १५ किलोपर्यंतच्या आहेत, आणि तिथले लोक जड दगड उचलून ऐरणीवर आपटून छिलके काढत असावेत असं त्यांचं अनुमान आहे. जड दगडाशी झुंजणं हातकुऱ्हाडीच्या कितीतरी आधीचं आहे.

तिसरी शक्यता मला स्वयंपाकघरातल्या विळीमुळे सहज पटते. पातं हलत नाही, चिरायची वस्तू पात्यावरून फिरते. तीस किंवा पन्नास सेंटिमीटरची हातकुऱ्हाड जमिनीत बुडाकडून रोवली किंवा दोन दगडांच्या बेचक्यात अडकवली, तर तिच्या धारेवरून ओलं कातडं, दोरासाठी सालीच्या पट्ट्या, स्नायूंचे लांब तंतू दोन्ही हातांनी ओढता येतात. मग वजनाचा प्रश्नच मिटतो, उलट वजन हवंच, नाहीतर दगड डगमगेल. धार पूर्ण लांबीभर का घडवली, याचंही उत्तर यात मिळतं. याला पुरावा कसा शोधावा? अशा वापरात झीज धारेच्या मधल्या पट्ट्यात पडेल आणि बुडाशी माती-खड्यांच्या घासाच्या खुणा राहतील. कोणी बघितल्या आहेत का, ते बघायला हवं.

फेकण्याच्या कल्पनेवर मी फार वेळ घालवणार नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयलीन ओब्रायन यांनी केनियातल्या ओलोर्गेसायलीच्या एका मोठ्या हातकुऱ्हाडीची फायबरग्लासची प्रतिकृती थाळीफेक करणाऱ्या खेळाडूंकडून फेकवली, आणि ती बऱ्याचदा कडेवर जाऊन रुतली. प्रयोग कल्पक होता. पण पुरुषांच्या स्पर्धेतली थाळी २ किलोची असते, फर्झ प्लॅटचा दगड तिच्याहून जड आहे. थाळी गोल, गुळगुळीत कडेची असते, ही दोन्हीकडून धारदार. तो वेग देताना बोटांच्या आतल्या बाजूचं काय होईल हे मला डोळ्यासमोर आणवत नाही. २००१ मध्ये व्हिटेकर आणि मॅकॉल यांनी या कल्पनेवर सविस्तर टीका केली, ती मला योग्य वाटते.

दिखाव्याची बाजू मात्र मी झटकून टाकणार नाही. १९९९ मध्ये मारेक कोन आणि स्टीव्हन मिदेन यांनी सुचवलं की सुबक हातकुऱ्हाड ही जोडीदाराला आपलं कसब आणि तब्येत दाखवण्याची खूण असावी. या मांडणीतला जोडीदाराचा भाग मला कच्चा वाटतो, कारण दगड कोणी घडवला, बाईने की बाप्याने, हे दगड सांगत नाही. पण कसबाचा भाग खरा आहे. ॲना मशिन आणि सहकाऱ्यांनी हरणं कापून घेतलेल्या प्रयोगांत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असण्याने कापण्याच्या कामात फारसा फरक पडला नाही. तरीही लोक त्या सारखेपणासाठी जीव ओतत होते. मग त्यात कामापलीकडचं काहीतरी होतं हे मान्यच.

फक्त 'कामापलीकडचं' म्हणजे 'कामाऐवजी' नव्हे. न्यू गिनीच्या पश्चिम भागात लांगडा नावाच्या गावात दगडी वासल्यांची (लाकूड तासायच्या हत्यारांची) पाती घडवणाऱ्या कारागिरांचा डीट्रिच स्टाउट यांनी अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शिकाऊ पाच-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त शिकत राहतो. लांब पाती घडवणं हे जुन्याजाणत्यांचं काम असतं. लांबीला मान आहे, आणि पाती कामाचीही आहेत. दोन्ही एकाच दगडात सुखाने नांदतात. ज्याला खरोखर वापरता येणार नाही असा दगड कसा असतो तेही आपल्याला ठाऊक आहे. फ्रान्समधल्या व्होल्गू इथे १८७४ साली मिळालेली दगडी पानं, त्यांतली मोठी ३० सेंटिमीटरच्या वर, जाडी मात्र एक सेंटिमीटरच्याही आत. ती एका दाबात मोडतील, म्हणून त्यांच्याबद्दल दिखाव्याचा किंवा अर्पणाचा विचार करणं भाग आहे. तीन किलोच्या, जाड बुडाच्या फ्लिंटबद्दल तसं काही भाग पडत नाही.

एक शक्यता फार साधी आहे म्हणून मागे पडते. हातकुऱ्हाड वापरली की बोथट होते, पुन्हा छिलके काढून धार लावली की लहान होते. आपल्याला मिळणाऱ्या कित्येक हातकुऱ्हाडी अशा झिजून आलेल्या आहेत. महाकाय दगड म्हणजे आयुष्य सुरू व्हायच्या आधीच मागे राहिलेली हत्यारं असू शकतात, किंवा चालता-फिरता साठा: हवे तेव्हा त्यातून धारदार छिलके काढायचे. कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यात, इसामपूर इथे, के. पद्दय्या यांनी खणलेल्या खाणीपाशी चुनखडीच्या लाद्या फोडून मोठाले तुकडे काढले जात होते. अशा जागी मोठा दगड मिळणं आणि तोच दगड खाणीपासून दूर मिळणं, यांचा अर्थ एक नाही. केंटच्या बाबतीत मात्र ही शक्यता मला कमी वाटते, कारण साठ्यासाठी उचललेल्या दगडाचं टोक एवढं जपून कोणी घडवणार नाही.

आणि एकट्या माणसाची कल्पना आपण का धरून बसलो आहोत? इस्राएलमधल्या गेशेर बेनोत याकोव्ह इथे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीच्या थरात हत्तीची कवटी उलटी पडलेली मिळाली आणि तिच्याखाली ओंडका. उत्खनन करणाऱ्यांच्या मते तो तरफेसारखा वापरून कवटी उलटवली असावी. असं काम एकट्याचं नसतं. एकाने सांधा ताणून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही हातांनी दगड दाबायचा. चित्रांत मात्र नेहमी एकच दणकट पुरुष एका हातात हातकुऱ्हाड घेऊन उभा असतो, आणि मग प्रश्न पडतो की ही एवढी मोठी त्याने धरली कशी.

दगडांचा अभ्यास करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती बुडाबद्दल आहे. झीज शोधताना सूक्ष्मदर्शक धारेवर आणि टोकावर फिरतो, ते साहजिक आहे. पण फ्लिंटच्या अनेक हातकुऱ्हाडींच्या बुडाशी गाठोळ्याची मूळची खडबडीत पांढुरकी साल तशीच राखलेली असते. ती राखण्यामागे आळस असेल किंवा तळहात असेल. घाम, चरबी आणि वाळू यांनी माखलेले तळवे त्या सालीवर वारंवार दाबले गेले असतील, तर उंचवटे घासले गेले असतील. ओल्या कातड्यात गुंडाळून धरलं असेल तर ती झीज निराळी दिसेल. आणि प्रतिकृतींचे प्रयोग करताना दोन्ही हात, दोन माणसं, गुडघ्यावर बसलेली, उभी, लहान हातांची, मोठ्या हातांची, अशा सगळ्या तऱ्हा करून बघाव्यात.

माझ्या खुब्याच्या तर्काची परीक्षाही तशीच करता येईल. टोक सांध्यात घालून पिळलं गेलं असेल तर टोकाशी पीळ पडून निघालेले बारीक कपचे आणि बाजूंवर हाडाला घासल्याच्या रेषा असायला हव्यात, आणि बुडावर तळव्यांची झीज. प्रतिकृतीने घोड्याचे काही सांधे उघडून त्या खुणा आधी ओळखून ठेवाव्या लागतील, मग केंटच्या दगडांशी ताडून बघाव्या लागतील. जुळल्या नाहीत, टोक अगदी घडवल्या दिवसाइतकं ताजं निघालं आणि बुडही कोरं निघालं, तर मी हा तर्क सोडून लांगडाच्या जुन्याजाणत्या कारागिरांच्या बाजूला जाऊन बसेन. तोवर मात्र 'एवढं मोठं कोण धरणार' एवढ्यावर त्यांना निरुपयोगी ठरवायला मी तयार नाही.